टॉवेलखाली वाळणारे कपडे आणि न जाणारी खाज

मॅडम, मी ३४ वर्षांची आहे. टिटवाळ्याहून रोज दादरला नोकरीला जाते. गेल्या जुलैत सलवारीची नाडी बसते तिथे एक लाल गोल चट्टा उठला, खाज तर विचारू नका. मेडिकलवाल्याने ट्यूब दिली, चार दिवसांत गायब. मग परत आला. आता जांघांत, पाठीवर, छातीखालीही पसरलंय. ट्यूब लावली की कमी, सोडली की दुप्पट. मिस्टरांनाही सुरू झालंय, ते म्हणतात तुझ्यामुळेच. सासूबाई म्हणतात अंगात उष्णता आहे, वांगं आणि दही बंद कर, सब्जा पी. मी स्वच्छता खूप पाळते, आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक टाकते, दोनदा साबण लावते. घरात सासरे असतात म्हणून आतले कपडे टॉवेलखाली वाळत घालते, पण धुते रोजच्या रोज. सहा वर्षांच्या मुलाच्या गालावर पांढरट डाग दिसतोय, त्याला हीच ट्यूब लावू का? आणि पावसाळ्यात चेहरा सारखा चिकट होतो, त्याला काय लावू? नाव छापू नका.
– एक वाचक, टिटवाळा

नमस्कार ताई,

नाव छापत नाही. लाजण्यासारखं तुमच्या पत्रात काही नाही, पण तुमची अडचण समजते. तुमच्याच डब्यात तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईलाही हेच झालेलं असू शकतं, आणि तीही ओढणीआडून कंबर खाजवत असेल.

आधी मिस्टरांचा मुद्दा. कोणामुळे कोणाला झालं याचा पंचनामा करून काही हाती लागत नाही. एका अंथरुणावर झोपणारी, एका बादलीत कपडे भिजवणारी, एका टॉवेलला अंग पुसणारी माणसं हा आजार एकमेकांना देत-घेत राहतात. तुम्ही एकट्यांनी औषध घेतलंत आणि ते तसेच राहिले, तर तुमचं बरं होऊन पुन्हा होणार. म्हणून डॉक्टरांकडे जाताना त्यांनाही हाताला धरून न्या. घरात आणखी कोणाला खाज असेल, कोणी सांगत नसेल, तर तेही विचारून घ्या.

पत्रावरून पक्कं निदान करता येत नाही, पण वर्णन नायट्याचं आहे. काही घरांत याला गजकर्ण म्हणतात. कडेला लाल, खवल्यांची किनार, मधली त्वचा बरी झाल्यासारखी आणि कड दिवसेंदिवस बाहेर सरकत जाणारी. ही बुरशी आहे. त्वचेच्या सर्वांत वरच्या, मेलेल्या थरात केराटिन नावाचं जे प्रथिन असतं त्यावर ती जगते, आणि उबदार, ओलसर, हवा न लागणारी जागा तिला मानवते. नाडीखालची कंबर, जांघ, छातीखालची घडी, काख, या सगळ्या तिच्या आवडत्या जागा. घाम मे महिन्यातही येतोच, पण जुलैत हवेतच इतकं बाष्प असतं की अंगावरचा घाम उडून जात नाही. त्यावर भिजलेली सलवार, आणि त्यावर टिटवाळा ते दादर उभ्याने प्रवास. बुरशीला आणखी काय हवं?

आता ट्यूबकडे येऊ, कारण खरं पाणी तिथेच मुरतंय.

खोक्यावरची बारीक अक्षरं मोबाईलने फोटो काढून मोठी करून वाचा. तीन-चार औषधांची नावं दिसतील. एक बुरशीवरचं, एक जिवाणूंवरचं, आणि बहुतेक वेळा एक नाव क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी. ते स्टेरॉईड. चार दिवसांत जादू झाली ती त्याची. चट्ट्याची लाली आणि खाज म्हणजे आपल्या शरीराने बुरशीविरुद्ध केलेली आरडाओरड असते. स्टेरॉईड ती आरडाओरड बंद पाडतं. घरात चोर शिरला म्हणून कुत्रा भुंकतोय आणि आपण उठून कुत्र्याचंच तोंड बांधतोय, असा हा प्रकार. चोर आत निवांत. ट्यूब सोडली की शरीर पुन्हा जागं होतं आणि तोवर बुरशी चांगली वीतभर पसरलेली असते. "सोडली की दुप्पट" असं तुम्ही लिहिलंय ते हेच.

हे एवढ्यावर थांबत नाही. महिनोन् महिने स्टेरॉईड लावलं की त्वचा पातळ होते. जांघेसारख्या नाजूक जागी बाळंतपणानंतर पोटावर पडतात तसे चिरल्यासारखे पट्टे उमटतात, आणि ते नंतर पूर्ण जात नाहीत. चट्ट्याचं रूपही बदलतं. गोल किनार पुसट होते किंवा वर्तुळात वर्तुळ दिसायला लागतं, आणि हा नायटा आहे की दुसरं काही, असा डॉक्टरांनाही प्रश्न पडतो.

स्टेरॉईड हे वाईट औषध नाही. एक्झिमाला, सोरायसिसला ते योग्य जागी, योग्य ताकदीचं, मोजके दिवस दिलं जातं आणि उत्तम काम करतं. पण नायट्यावर स्वतःच्या मनाने, तेही क्लोबेटासॉलसारखं सर्वांत जालीम? नको. २०१८ साली केंद्र सरकारने अशी बरीच स्टेरॉईड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा यादीत घातली. तरी काउंटरवर "खाजेवर काहीतरी द्या" म्हटलं की काय पुढ्यात येतं, ते तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

या सगळ्याची किंमत आपण सगळेच मोजतोय. पूर्वी साध्या मलमाने दोन-तीन आठवड्यांत जाणारा नायटा आता हट्टी झालाय. २०२० साली जपानमधल्या संशोधकांनी नेपाळी आणि भारतीय रुग्णांच्या त्वचेत सापडलेल्या बुरशीला ट्रायकोफायटन इंडोटिनी असं वेगळं नाव दिलं. नावातच आपला देश आला, मिरवण्यासारखं मात्र काही नाही. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ही बुरशी पुष्कळदा दाद देत नाही. न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण सापडल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं. तेव्हा शेजारणीला ज्या गोळ्यांनी बरं वाटलं त्या तुम्हालाही लागू पडतील असं धरून चालू नका.

ट्यूब आज रात्रीपासून बंद. पण फेकू नका, खोक्यासकट डॉक्टरांकडे न्या. काय लावत होतात हे त्यांना कळलं तर त्यांचं निम्मं काम होतं. बंद केल्यावर सुरुवातीचे काही दिवस चट्टे भडकतील, खाज वाढेल, आणि रात्री दोन वाजता हात कपाटाकडे जाईल. तेवढे दिवस निभावायचे. गार पाण्याची घडी ठेवा, नंतर जागा नीट टिपून कोरडी करा. झोपताना खाजेवरची गोळी डॉक्टर देतील.

दादरहून केईएम आणि सायन ही दोन्ही रुग्णालयं जवळ आहेत. दोन्हीकडे त्वचारोगाची ओपीडी आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. सकाळीच जावं लागेल, म्हणजे हाफ डे टाकावा लागेल, पण टाका. डॉक्टर बहुधा चट्ट्याच्या कडेचे थोडे खवले खरवडून काचपट्टीवर घेतील आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतील. दुखत नाही. जाण्याआधी त्या जागेवर दुसरं कुठलंही मलम लावू नका, नाहीतर बुरशी असूनही दिसणार नाही.

तुमचं इतकं पसरलेलं आहे की नुसत्या मलमावर भागेल असं वाटत नाही, पोटात घ्यायचं औषध लागेल. इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल दिल्या तर त्या भरल्या पोटी घ्यायच्या. सोबत ॲसिडिटीची गोळी घेतली की त्या नीट शोषल्या जात नाहीत, आणि लोकलच्या धावपळीत ॲसिडिटीची गोळी रोज घेणाऱ्या बायका किती असतात हे मी जाणते, म्हणून मुद्दाम सांगते. यकृताचा किंवा हृदयाचा त्रास, दिवस गेलेले असणं किंवा तसा विचार असणं, चालू असलेली इतर औषधं, हे सगळं आधी सांगा. मलम चट्ट्यापुरतं न लावता कडेच्या बाहेर दोन बोटं लावायचं. आणि चट्टा दिसेनासा झाला म्हणून औषध आपण बंद करायचं नाही, ते डॉक्टरांनी सांगायचं. तीनेक आठवड्यांनी सगळं साफ दिसतं, माणूस कंटाळतो, सोडून देतो आणि महिन्याभरात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नायट्यात सर्वांत जास्त माणसं इथेच घसरतात.

औषधाचं झालं. आता तुमच्या पत्रातल्या त्या एका वाक्याबद्दल, जे तुम्ही जाता जाता लिहिलंय. आतले कपडे टॉवेलखाली वाळत घालता.

मिस्टरांचं बनियन दोरीवर राजरोस लटकतं, आणि बाईचे कपडे मात्र टॉवेलखाली, ओढणीखाली, नाहीतर बाथरूमच्या दारामागच्या खिळ्यावर. पावसाळ्यात आधीच काही वाळत नाही. त्यात वर जाड ओला टॉवेल, खाली ओली निकर, हवा कुठून लागणार? दोन दिवसांनी काढली तर मधला भाग वाळलेला, पण इलॅस्टिक, शिवणी आणि जांघेकडची दुहेरी पट्टी अजून ओलसर. सकाळच्या घाईत तीच अंगावर चढते, आणि ज्या जागा कोरड्या राहायला हव्यात त्यांनाच दिवसभर दमट पट्टी बांधल्यासारखं होतं. रोज धुता हे चांगलंच, पण धुणं आणि वाळणं यांत पावसाळ्यात वाळण्याला जास्त महत्त्व आहे.

कपडा वाळलाय की नाही हे कळायला सोपी युक्ती आहे. शिवणीची बाजू गालाला लावून पाहा. गार लागली तर ओली आहे.

चिमट्यांचं गोल हँगर मिळतं, ते तुमच्या खोलीत पंख्याखाली टांगा. खोलीचं दार तुमचं आहे, तिथे टॉवेलचा पडदा लागत नाही. आणि खरं सांगू? सासरेबुवांनी आयुष्यात कपड्यांची दोरी पाहिलेलीच नाही असं थोडंच आहे! चार दिवस उघड्यावर वाळत घातले तर पाचव्या दिवशी कोणाचं लक्षही जाणार नाही. पण हे घरचं गणित तुम्हाला ठाऊक, मी बाहेरून सांगणारी.

वाळल्यावर कमरेच्या पट्टीवरून आणि शिवणीवरून गरम इस्त्री फिरवा, अर्थात कापड सुती असेल तर. उपचार चालू असेपर्यंत तुमचे आणि मिस्टरांचे कपडे, टॉवेल, चादरी बाकीच्यांपासून वेगळे आणि उलटे करून गरम पाण्यात धुवा. मशीनला तापमानाचं बटण असेल तर ६० अंशांवर लावा. बुरशीचे बीजाणू साध्या गार पाण्याने आणि साबणाने मरत नाहीत. सुती निकरचे आणखी चार-पाच जोड घेऊन टाका, म्हणजे ओला घालायची वेळच येणार नाही.

आणि ती नाडी! सलवार बदलते, नाडी तीच राहते. ती सलवारीतच भिजते, सलवारीतच अर्धवट सुकते, आणि घट्ट ओढून त्याच जागी रोज बांधली जाते. पहिला चट्टा तिथेच उठला यात नवल नाही. नाड्या ओढून काढा, उकळत्या पाण्यात टाका, सुट्या वाळवा, मग सेफ्टी पिनने पुन्हा ओवा. बांधताना थोडी सैल, आणि रोज थोडी वर-खाली.

प्रवासात भिजणं काही टळायचं नाही. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक पूर्ण कोरडा जोड ठेवा, आतल्या कपड्यांसकट, आणि पोचल्यावर पहिलं काम तेच. ओले कपडे एसीत अंगावर सुकवत बसणाऱ्या मैत्रिणींकडे बघू नका. जीन्स आणि घट्ट लेगिंग सप्टेंबरपर्यंत कपाटात राहू द्या. घरी आल्यावर छातीखालची घडी मऊ कपड्याने टिपा आणि ब्रा काढून ठेवा. शरीराला थोडी हवा लागू द्या.

जंतुनाशकाची बाटली आंघोळीच्या बादलीपासून दूर ठेवा. त्याने बुरशी मरत नाही, पण त्वचा कोरडी, चरचरीत होते, तिचं स्वतःचं संरक्षण कमी होतं आणि खाज आणखी वाढते. साबण एकदा, तोही सौम्य. घासणी, दगड, काथ्या काही नको. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. पुसताना पाय शेवटी, कारण बोटांच्या बेचक्यात बुरशी असेल तर तोच टॉवेल जांघेत गेला की ती तिथे पोचते. टाल्कम पावडरचे थर ओल्या अंगावर थापू नका. घामात तिचे गोळे होतात आणि घडीत जाऊन बोचतात.

सासूबाईंचा सब्जा प्या, छान लागतो. वांग्याचा आणि दह्याचा मात्र यात काडीचा संबंध नाही. भरली वांगी पुन्हा सुरू करा. त्यांच्या "अंगातच काहीतरी आहे" या शंकेत एवढं तथ्य आहे की वारंवार बुरशी होणाऱ्याने रक्तातली साखर एकदा तपासावी. तुमचीही आणि मिस्टरांचीही. आता कोणीतरी तुम्हाला टाकळ्याचा पाला चोळायला सांगेल, कोणी लसूण, कोणी लिंबू. टाकळा नायट्यावर लावायची रीत जुनी आहे हे खरं, पण स्टेरॉईडने पातळ झालेल्या कातडीवर काहीही रगडायची ही वेळ नाही. कच्च्या लसणाने तर भाजल्यासारखे फोड येतात. टाकळ्याची भाजी करा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण स्टेशनबाहेरच्या पाण्यातून तुम्हाला चालावं लागत असणार. बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी, लिबलिबीत होऊन चिरते, त्या चिखल्या. भातलावणीच्या बायकांना होतात तशाच त्या लोकलने जाणाऱ्यांनाही होतात. घरी आल्यावर पाय धुवायचे, बेचकी एकेक करून पुसायची, बंद बूट टाळून पट्ट्यांची सँडल घालायची. पायाला चीर किंवा जखम असताना तुंबलेल्या पाण्यातून गेलात, तर प्रश्न कातडीपुरता राहत नाही. उंदरांच्या मूत्रातून पाण्यात येणारे लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे, जंतू त्या चिरेतून शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली होती. अशा वेळी ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळी घ्यायला महापालिका सांगते. ताप येण्याची वाट पाहू नका.

चेहऱ्याचं सोपं आहे. सकाळी आणि रात्री सौम्य फेसवॉश, मधे चिकट वाटलं तर नुसतं पाणी किंवा रुमाल. दिवसातून पाच वेळा धुतल्याने तेल कमी होत नाही, चेहरा फक्त ओढल्यासारखा होतो. क्रीमऐवजी जेलसारखं हलकं मॉइश्चरायझर घ्या. ढग असले तरी अतिनील किरण बऱ्यापैकी खाली येतात, म्हणून सनस्क्रीन चालू ठेवा, तेही जेलचंच. महागडं काही लागत नाही. आणि ती कमरेची ट्यूब चेहऱ्यावर कधीही, कुठल्याही कारणाने नको. गोरं दिसण्यासाठी ती लावणाऱ्या मुली आहेत, त्यांचे चेहरे उन्हात लाल होतात, पुटकुळ्यांनी भरतात आणि मग ट्यूबशिवाय राहवत नाही.

राहिला तुमचा मुलगा. त्यालाही ट्यूब नको. त्या वयात गालावर असे फिकट, कडा धूसर असलेले, किंचित खरखरीत डाग बऱ्याच मुलांना येतात. ते बहुधा कोरड्या त्वचेचे असतात, बुरशीचे नसतात, संसर्गजन्यही नसतात. जंत झालेत किंवा कॅल्शियम कमी आहे असं शेजारी सांगतील, पण त्यासाठी या डागांवरून औषध द्यायची गरज नाही. साबण सौम्य ठेवा, आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच साधं मॉइश्चरायझर लावा. रंग भरून यायला काही महिने लागतात, तोवर धीर धरा. डाग दुधासारखा पांढराशुभ्र आणि कडेला ठळक असेल, त्याला खाज असेल, किंवा तो लाल किनारीने गोल वाढत असेल, तर तुमच्याच अपॉइंटमेंटला त्यालाही बरोबर न्या. शाळेला त्या दिवशी दांडी चालेल.